कोरी काच

मुंबई, पौष, १९०७

तीर्थरूप आबांस,

लघवीतून रक्त जातंय म्हणून तुम्हाला खालापुराहून माझ्या इस्पितळात आणलं, नव्या क्ष-किरणांनी काचेवर मूत्रपिंडाचा फोटो घेतला. काच कोरी निघाली. "खडा नाय ना रं? मंग सुटलो!" म्हणत तुम्ही उठलात. गावी जाऊन गावदेवीला कोंबडा दिलात, मला नव्या भाताचे पोहे धाडलेत.

आबा, खडा असता तर कापून काढता आला असता. तुमच्या कुशीत माझ्या बोटांना लागली ती कर्करोगाची गाठ. ती काचेवर उमटत नाही, आणि आता कापण्यापलीकडे गेली आहे. ती काच मी अजून उजेडात धरून बघतो. खडा दिसला असता, तर कोंबडा मीच दिला असता.

हे पत्र फाडीन. दुसऱ्यात लिहीन, पोहे पोचले.

तुमचा सहदेव