बोडीतून तलावात

२९ जुलै
शेतातल्या छोट्या तळ्यात, बोडीत, सोडलेले मांगूर मासे वीतभर झाले. बंदी आहे, ठाऊक आहे. पण काहीही खातात नि भराभर वाढतात, कुरखेड्याचा ढाबेवाला घेतो म्हणाला. मच्छीमार संस्थेत कुणाला सांगितलं नाही. सचिव मीच! वर शिंगाडा पसरलाय, कुणाला दिसायचे नाहीत. फार हुशार.

३ ऑगस्ट
तीन दिवस झड. सकाळी उघडीप बघून बोडीवर गेले, तर एक मांगूर गवतातून चालला होता. चालतच होता, दुसरा शब्द नाही. एका बाजूचा काटा टेकवायचा, अंग वळवायचं, मग दुसऱ्या बाजूचा. तोंड गावतलावाकडे. मागे चिखलात घसरटीच्या खुणा, कितीतरी. हा धरला. आधीचे गेले. मासा पाण्याबाहेर कुठे जातो, या भरवशावर मी राहिले. ढिवराची लेक असून!

२१ सप्टें.
जाळ्यात मरळ नाही, झिंगा नाही. मांगूर तेवढे, हातभर. तलावाच्या पाळीवर सगळे सोमाभाऊंवर तुटून पडले, मत्स्यबीज दरवर्षी तेच आणून सोडतात म्हणून.
"डोये फुटले का बुढ्याचे? काय आणून राह्यला पाहत नाई?"
भाऊंनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "माह्याच हातून झालं असन, बाबा."
मी जाळ्यातले मांगूर टोपलीत भरत राहिले.

२२ सप्टें.
सभा. सोमाभाऊ यापुढे बीज आणणार नाहीत. जन्म गेला त्यांचा या कामात. ठराव मीच लिहिला, 'मांगूर बीजात मिसळून आले.' अक्षर सुरेख आलंय. लाज वाटते. लाज वाटूनही लिहिलं, त्याची जास्त.

२५ सप्टें.
सगळं सांगून टाकायचं ठरवून त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको म्हणाली, "ते तं तुह्याच बोडीकडे गेले."
गेले. भाऊ बांबूच्या खुंट्या ठोकून जुनं जाळं बांधत होते. मांगूर चालला होता, बरोब्बर त्याच धुऱ्यावर, बांधावर.
"पाणी आखीन येते, पोरी. इथूनच चढते मांगूर. झडीतच पाह्यलं होतं मी."
"मंग सभेत काऊन नाई बोलले, भाऊ?"
"बोलाचं तं तुले होतं."
मला रडूही येईना. जाळ्याचं दुसरं टोक धरलं. शेवटच्या खुंटीपर्यंत बांधत नेलं.

२७ सप्टें.
उद्या ठरावावर सह्या. रजिस्टर माझ्याच घरी. सकाळपासून दोनदा उघडलं.
ती ओळ अजून तशीच.