फरशीचा सविस्तर रिपोर्ट, मामांच्या सेवेशी

तीर्थरूप मामा,

जोरहाटाहून तुमचा जावई वीरधवल वाकून पाया पडतोय (तीन दिवसांच्या रेल्वेएवढ्या लांबनं पडतोय, तवा आशीर्वाद जरा मोठ्यानं द्या). मी हितं ठीक हाय. तुमचा गुडघा, मामींचा खोकला, दावणीची गाभण म्हस, बेदाण्याच्या शेडवरची माणसं, समदी बरी असतील. शिवांजलीला आन् उत्कर्षाला मुद्दाम शेवटी इचारतो. त्यांचं पहिल्यांदा इचारलं तर पुढचं पत्रच हुईत न्हाई माझ्याच्यानं.

फोन सोडून पत्र का, तर तुमचाच हुकूम. मागल्या खेपेला मी म्हणलो, मामा, बाळंतपण झालं, बारसं झालं, आता दोघींना हिकडं धाडा. तर तुमी म्हणला, "जावईबापू, तोंडी रिपोर्ट आमी पलटणीत कवा घेतला न्हाई. माझी लेक-नात कसल्या जमिनीवर नांदणार ते लिहून धाडा, मंग बघू." आन् फोन ठिवला. (मी त्याच्यापुढंबी लय वेळ बोलत व्हतो. कटलेला फोन मला उशिरा कळतो.) तवा ह्यो रिपोर्ट. सातवीतनं शाळा सुटली, अक्षर तसलंच हाय, सांभाळून घ्या.

तर नाथाजी शेठ. आपल्या विट्याचेच, पर केस हितं पिकले. त्यांच्या गलाईच्या दुकानात मी भट्टीवर असतो, सोनारांचं मोडीचं सोनं आटवून शुद्ध करून देतो. दुकान ज्या घरात हाय ते लय जुनं, कवाकाळी चहाच्या कंपनीचं हापिस व्हतं. मागली खोली रिकामी. शेठ म्हणले, घे ती खोली, आण बायको-पोर, भाडं नको. मामा, शेठ फुकटात चहाबी पाजत न्हाईत, तवाच मला वळखायला पायजे व्हतं. त्यांची अट एकच, आधी खोलीची फरशी उचकटायची. आमच्या धंद्यात जिथं भट्टी चालली तिथली जमीन कुणी तशी सोडत न्हाई. सोन्याचा भुगा उडतो, भेगांत जाऊन बसतो. म्हणून जुनी जमीन खणायची, जाळायची, दळायची, चाळायची, धुवायची आन् खाली जे चकाकंल ते आटवायचं. शेठची पहिली भट्टी त्याच खोलीत व्हती. त्या तपकिरी फरशीत (शहाबादी न्हवं, रबरावानी पातळ चौकोन, खाली डांबरावानी काळा गोंद) त्यांना आख्खा पोहेहार दिसत व्हता. मला रांगणारी लेक दिसत व्हती. दोघंबी एकाच फरशीकडं बघून हसत व्हतो.

मी तोंडाला रुमाल बांधला, छिन्नी-हातोडा घेतला आन् खिडकीखालच्या कोपऱ्यातनं सुरवात केली. चारदोन फरश्या फोडल्या, झाडूनं खराखरा लोटलं, धुरळा पार आढ्याला गेला. खाली बसला तेवढा शेठनं डब्यात भरला आन् डबा देव्हाऱ्यात ठिवला. तेवढ्यात सौमित्र आला. ह्यो वाईचा, हितं तेलाच्या कंपनीत इंजिनेर. त्याला सोन्याचं काय काम नसतं, रविवारी मराठी बोलायला येतो. (लय शुद्ध बोलतो. त्याच्याम्होरं मी "आहे" म्हणायला जातो आन् ठसका लागतो.) दारातच थिजला. म्हणला, "वीरधवल, हातोडी खाली ठेव. हळू. आणि झाडूला तर हातच लावू नकोस." मला वाटलं साप निघाला.

साप बरा, त्यो मारता तरी येतो. सौमित्रनं सांगिटलं ते असं, की असल्या जुन्या फरशीत आन् तिच्या गोंदातबी ॲसबेस्टॉस असू शकतं. नुसतं बघून कळत न्हाई, तपासायलाच धाडावं लागतं, आन् तवर ते हायच असं धरून चालायचं. फरशी धड असली, गप पडून असली, तर ती कुणाचं काय करत न्हाई. पर फोडली, घासली, दळली, की केसापरास बारीक तंतू उडतात, श्वासातनं छातीत जाऊन बसतात आन् वीस-तीस वर्सांनी उठतात. म्हणजे शेठच्या मनात जे जे करायचं व्हतं, ते समदं नेमकं न करायच्यातलं. शेठ खवळले. "आरं ए, ॲसबेस्टॉसचा पत्रा भट्टीखाली घालून जल्म काढलाय मी. झालंय का मला काय?" सौमित्र म्हणला, "काका, छातीचा फोटो कधी काढलाय?" शेठ म्हणले, "लग्नात." मी डोक्यात एवढंच बघत व्हतो, वीस-तीस वर्सांनी आपली उत्कर्षा केवढी असंल. लग्नाच्या वयाची. हातोडा मी तवा ठिवला, त्यो आजतागायत उचलला न्हाई.

मंग पंखा बंद, दार बंद, समद्यांना भाईर काढलं. सौमित्रनं दोन्ही गालांवर डबे असलेला मास्क आणला (रुमालानं काय हुईत न्हाई म्हणला). तुकडे पाणी मारून भिजवले, ओल्या फडक्यानं टिपले, झाडू न्हाई की फुंकर न्हाई. तुकडे, फडकी, माझी अंगावरली कापडं, समदं दुहेरी जाड पिशवीत बांधलं. असला कचरा जाळायचा न्हाई, वढ्याला टाकायचा न्हाई. सौमित्रच्या कंपनीत असलं नेणारा माणूस हाय, त्यो घेऊन गेला. देव्हाऱ्यातला डबा मात्र शेठ सोडंनात. शेवटी झाकण न उघडता त्यावर ओलं फडकं गुंडाळलं, शेठनं हळदकुंकू वाह्यलं आन् डोळं पुसत निरोप दिला. एक भिजवलेला तुकडा तपासायला धाडला व्हता. हाय म्हणूनच उत्तर आलं.

उचकटायची तर त्यातली शिकलेली माणसं लागतात, ती हितं मिळंनात. म्हणून झाकायचं ठरलं. वर जाड प्लास्टिक, त्यावर सिमेंट, त्यावर नवी फरशी. मिस्त्री आला त्यो आल्या आल्या छिन्नी काढून बसला, का तर जुन्या जमिनीला खाचा-टाचे मारल्याबिगर सिमेंट धरत न्हाई. त्याला मराठी येत न्हाई, मला आसामी येत न्हाई. मी सरळ हात पसरून फरशीवर पालथा पडलो. त्याला वाटलं आमच्यात कामाआधी असा नमस्कार घालत असतील. त्योबी छिन्नी ठिवून माझ्या शेजारी पालथा पडला. शेठ उंबऱ्यावर बसून बघत व्हते, कुणाच्या मातीला आल्यावानी. "सोनं डोळ्यादेखत पुरलं," म्हणले, "आन् घमेली मीच भरून दिली."

आता खोली बघण्यासारखी झालीया. फरशी पांढरी, पाय ठिवला की गार लागती. आढ्याला पाळण्याची कडी हाय. खिडकीतनं सुपारीची झाडं दिसतात. शिवांजलीला ऊस बघायची सवय, पर उभं, हिरवं काय तरी दिसंल. दुपारी भट्टी बंद असली की मी तिथं जाऊन बसतो आन् लेक कुठनं कुठं रांगंल ते बघतो. मी स्वतः एकदा रांगून बघितलं (गुडघ्याला खडा टोचत न्हाई). तिला मी बारशाला बघितली, तवा मुठी मिटून झोपली व्हती. तुमी फोनवर दावता तवा ती फोन चाटती, मला नुसती जीभ दिसती. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. भट्टीम्होरं उभा असलो की येरळा नदीकडनं येणारा सकाळचा गार वारा आठवतो, मामींच्या भाकरीचा पापुद्रा फुटल्यावर येणारा वास आठवतो, शिवांजली अंगणात लेकीला तेल लावती आन् पोरगी उन्हाकडं बघून शिंकती, हे तर मी बघितल्यालंबी न्हाई, तरी आठवतं.

तवा मामा, रिपोर्ट पुरा. चैताच्या यात्रेला मी सुट्टीवर येतोय. दोघींची बोचकी बांधून ठिवा, जाताना संगं नेतो.

तुमचा, हुकमाची वाट बघणारा जावई,
वीरधवल

ता.क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात शेठची लोखंडी ट्रंक लोटून खिडकीखाली पुसायला गेलो. बघतो तर मागं नवी फरशीच न्हाई. मी भट्टीवर असताना शेठनं मिस्त्रीला तेवढा कोपरा सोडायला लावला. मी जिथं फोडली व्हती त्योच कोपरा. म्हणले, "आरं, ऱ्हाऊ दे की एवढा म्हातारपणाला. पोर काय ट्रंक हलवती व्हय?" मी म्हणलो, "शेठ, ती आमच्या मामांची, तात्याबा हवालदाराची नात हाय." त्या कोपऱ्यावर मी प्लास्टिक पसरून चिकटपट्टी मारलीया, पर रांगणारं पोर पहिल्यांदा चिकटपट्टीच उपटणार. शेवटी मी यात्रेची सुट्टी सोडली (तेवढे दिवस त्यांची भट्टी चालू ऱ्हाती), तवा शेठ कोपरा झाकायला राजी झाले. मिस्त्री बिहूच्या सणाला गावी गेलाय, त्यो कवा परततो ते त्यालाबी ठाऊक न्हाई. म्हणजे मी येत न्हाई आन् तुमीबी दोघींना धाडू नका. वरची ती बोचकी बांधायची वळ मी खोडणार व्हतो, हात वळला न्हाई. तुमीच न वाचल्यासारखं करा.

आणखी एक. हे शिवांजलीला तुमी सांगा. मी सांगिटलं तर ती रडंल, तुमी सांगिटलं तर नुसती घाबरंल.

आणखी एकच. पोरगी भिंत धरून उभी ऱ्हाती, असं काल मामी फोनवर बोलून गेल्या आन् लगीच म्हशीचं सांगाय लागल्या. आमची गाठ पडंस्तवर ती चालायची थांबत न्हाई, हे मला कळतंय. थांबवूबी नका. फकस्त गाठ पडंल तवा ती माझ्याकडं चालत आली, तर समद्यांनी एकदम "आगं बाई, आज पहिल्यांदाच!" असं म्हणायचं. मामी म्हणतील. शिवांजलीबी म्हणंल. तुमी जल्मात खोटं बोलला न्हाईत, मला ठाऊक हाय. पर मामा, तुमी म्हणला तरच मला खरं वाटंल.