शिट्टी मारणारं मशीन

३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचायला चष्मा लागतो, कान लागत नाहीत, तेव्हा "ऐकू आलं नाही" ही सबब या वेळी चालायची नाही.

माझ्या घराचं कर्ज अडलंय. दोन खोल्या, उत्तरेची खिडकी, आमच्या कवळ्यांच्या कारखान्यापासून दहा मिनिटांची चाल. सगळं ठरलं होतं. पगार पाहून बँकेतल्या बाई खूश होत्या. मग त्यांनी माझं नाव तपासलं आणि मी थकबाकीदार निघाले! आयुष्यात कुणाचे चार पैसे बुडवले नाहीत मी. खोदून विचारलं तेव्हा कळलं: पाच वर्षांपूर्वी तू कानाचं मशीन हप्त्यांवर घेतलंस, त्याला मी जामीन राहिले होते. शेवटचे तीन हप्ते तू भरलेच नाहीस. तो डाग जामीनदाराच्याही नावावर पडतो म्हणे.

घरमालकीणबाई महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत, मग घर दुसऱ्याचं. मामा, हे काय करून ठेवलंस?

लोभ आहेच, वसुली झाल्यावर वाढवीन.

तुझी थकबाकीदार भाची,
भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

नाही भरले, कारण मशीन शिट्टी मारायचं. घड्याळजीला टिकटिक ऐकायला मशीन हवं होतं, शिट्टीवर नाचायला नव्हे. कंपनीला तसं खरमरीत पत्र लिहिलं आणि मशीन खणात टाकलं. हे तत्त्वाचं भांडण आहे. तेव्हापासून घड्याळ दातांत धरतो. टिकटिक कवळीतून थेट डोक्यात जाते, तीही फुकट.

तरी तुझ्यासाठी नाक मुठीत धरून कंपनीत जाऊन आलो. अर्ध्या रकमेत तडजोड करायला ते तयार आहेत. मामाची घासाघीस अजून शाबूत आहे, हे तुझ्या बँकेतल्या बाईंना कळव. बाकी, दोन खोल्यांत तुझी बडबड मावेल का, ते आधी मोजून घे.

लोभ ठेव, राग खणात टाक.

तुझा मामा

२७ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

"तडजोड करू नकोस" एवढंच कार्ड घाईत टाकलं होतं. अर्धे भरले की नावापुढे 'तडजोडीने मिटवलं' असं उमटतं आणि बँक पुन्हा नाक मुरडते, असं बाई म्हणाल्या. म्हणून मीच जाऊन पै न् पै भरली, काही बाकी नसल्याचा दाखला घेतला. काल कर्ज मंजूर झालं. घर मिळालं, मामा!

आता दुसरं. कंपनीत तुझं खातं पाहिलं. तुझं खरमरीत पत्र तिथे नाही. शिट्टीची तक्रारही नाही. चुकलेले हप्ते जून, जुलै आणि ऑगस्टचे. त्याच तीन महिन्यांत माझ्या कवळ्या बनवण्याच्या कोर्सची फी तू भरलीस. गिऱ्हाइकांची जुनी उधारी वसूल झाली, असं मला सांगत होतास. मी तिथल्या बाकावर बसून रडले. कारकुनाला वाटलं, रक्कम बघून रडतेय.

म्हणजे मशीन चांगलं होतं. मी हप्त्यांचं विचारीन म्हणून तेव्हाच ते खराब असल्याचं सांगून बसलास, मग माझ्यासमोर कानात घालणार कसं? चार वर्षं बहिरा राहिलास. आणि मी दर वर्षी तुझ्या कवळीचा टवका उडालेला दात बदलून देते आणि विचारते, मामा, दगड चावतोस का!

खूप रागावले आहे. ये लवकर.

लोभ मावत नाही इतका आहे.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पकडलंस. सप्टेंबरात भरणार होतो, तोवर दंड चढला आणि मला लाज वाटली. नोटिसा आल्या त्याही न फोडता खणात गेल्या, इथल्या पत्त्यावर आलेल्या तुझ्या नावाच्यासुद्धा. तुझं घर अडेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. तेवढं मात्र माझं चुकलं. फीबद्दल एक अक्षर काढायचं नाही.

काल मशीन बाहेर काढलं, नवा सेल घातला. दुकानातली अकरा घड्याळं एकदम बोलायला लागली, आणि त्यांतल्या दोनांचीच टिकटिक बरोबर होती! गिऱ्हाइकं चार वर्षं गप्प कशी बसली कोण जाणे. बहुतेक बोलली असतील, मला ऐकू आलं नसेल.

रविवारी येतो. मशीन घालून येईन. बेल वाजली की लगेच दार उघडू नकोस. तुझ्या घराची बेल मला पोटभर ऐकायची आहे.

लोभ होता तसाच असू दे.

तुझा मामा