काळी चांदी

प्रिय भिंगबाई,

बाबांनी हातावरची पट्टी सोडून ती ब्रशने घासायला घेतली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोवर मी तुझ्यावर रुसून, कॉलेज अर्धवट टाकून बापाच्या दुकानात बसलेला एक पोरगा होतो.

झालं असं. वितळलेली चांदी ओतताना चिमट्यातून मूस निसटली आणि बाबांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. दवाखान्यात नर्स म्हणाली, चांदीची पट्टी लावतेय. बाबांनी लगेच मान वर केली. पट्टी दिसायला काळपट, करडी. सगळा जन्म चांदीत गेलेला माणूस, घरी आल्यावर म्हणाला, "गळ्यात मारली रे तुझ्या. काळी पडलेली आहे ही." मी औषधं आणायला बाहेर पडलो. परत येतो तर डाव्या हाताने पट्टी चकचकीत करणं चाललेलं, आणि भाजलेला हात उघडाच गुडघ्यावर. मी असा ओरडलो की शेजारच्या काकू धावत आल्या.

मग त्यांना समजवायला माझ्याकडे तुझ्याच बोलण्याशिवाय काही नव्हतं. लॅबमध्ये एकदा तू पिवळं पाणी दाखवून म्हणालीस, ही चांदी. लाल पाणी दाखवून म्हणालीस, हे सोनं. सोनाराच्या पोराची टिंगल करतेस म्हणून मी भडकलो होतो. तू शांतपणे म्हणाली होतीस, कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक झाले, की धातू आपला रंग विसरतो. तेच बाबांना ऐकवलं. म्हटलं, ही मळलेली नाही, इतकी बारीक आहे की अशीच दिसते. ओलसर ठेवली की हळूहळू सुटते आणि जखमेतले जंतू मारते. आता मोज्यांत, पाण्याच्या फिल्टरमध्येही घालतात हिला. बाबांनी ब्रश खाली ठेवला. "म्हणजे झिजते तेव्हा कामाला येते," एवढंच बोलले. दुसरी पट्टी लावायला गेलो तेव्हा डॉक्टरांची बोलणी मात्र मीच खाल्ली.

जखम भरली. नवी कातडी गुलाबी, पण आखडलेली. बोटं हातोडीवर मिटत नाहीत. व्यायामाने थोडं सुटेल म्हणतात. थोडंच. म्हणून आता बाबा शेजारी बसून सांगतात आणि हात माझा चालतो. "ठोकू नकोस. समजाव तिला," म्हणतात. मला आणि समजावणं. तू हसशील.

लॅबच्या सरांनी माझी जागा अजून ठेवलीय, परत ये, असं तू लिहिलंस. ते पत्र उशीखाली ठेवून झोपतो, खोटं कशाला सांगू. पण मी येणार नाही. रागाने नाही, पहिल्यांदाच रागाने नाही. सोबत अंगठी पाठवतोय, माझ्या हातची पहिली, जरा वाकडी झालीय. निदान पॉलिश तरी कर, म्हणून बाबांनी सुनावलं. मी मुद्दाम काळी ठेवली. बोटात घाल असं म्हणत नाही. एकदा तुझ्या भिंगाखाली धर, म्हणजे झालं. बाबांचा डोळा लागलाय, हातोडी उशाशी आहे. तुमच्या कॉलेजचं दार मी आपटून आलो होतो, तुला आठवत असेल. आता उठतो, हे पाकीट घेऊन बाहेर पडतो आणि दार हळूच ओढून घेतो.

तुझाच,
रागोबा