आमच्या डोंगरावर सासरेबुवा

शनिवार, १० फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. डेन्मार्कातल्या आमच्या ओरहूसहून गाडी, मग बोट, मग वळणावळणाचा बर्फाळ रस्ता. मोगेन्सला रजा मिळाली नाही. निघताना नवरोबा एवढंच म्हणाला, "सिगने, बाबांना सांभाळ गं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडतायत." मी म्हटलं, माझंच गाव, माझाच डोंगर — काळजी कसली!

खरं म्हणजे काळजी बाबांची नाहीच, लोकांची आहे. या सुट्टीच्या आठवड्यात डेन्मार्कची माणसं आमच्या नॉर्वेत स्कीला येतात आणि गावाला वर्षभर पुरतील एवढे विनोद देऊन जातात. सपाट देशातली माणसं! "डेन खाली कसा येतो? बटाट्याच्या पोत्यासारखा!" लहानपणी याला मीच सगळ्यांत मोठ्याने हसायचे. आणि लग्न केलं ते डेनशीच. आता त्याचे वडील म्हातारपणी स्की शिकणार. अंगात बागकामाचा रेनकोट. देवा!

रविवार, ११

बाबा किती वेळा पडले ते मोजायचं सोडलं. प्रत्येक वेळी स्वतःच हसतात. नऊ वर्षांची आमची तुवा त्यांना हात देऊन उठवते. मी लांब होते. हो, मुद्दामच.

सोमवार, १२

लिहायचीही लाज वाटते.

आज बाबांचा वाढदिवस. डेन लोकांना वाढदिवस म्हटला की झेंडा हवाच — केकवर, दारात, दिसेल तिथे. बाबांनी कागदी झेंडा थेट हेल्मेटला चिकटवला! तुवाने टाळ्या पिटल्या. मी म्हटलं, "बाबा, हे काय आता?" "अगं, बहात्तर काय रोज रोज होतात?"

वर ओढून नेणाऱ्या लिफ्टला एका दांड्यावर दोघं टेकतात. मी शेजारी उभी राहणार, असं त्यांना कबूल केलं होतं. तेवढ्यात मागून हाक आली — मारित! शाळेपासून आम्ही एकाच स्की क्लबात. आता ती इथल्या बचाव पथकाची प्रमुख. मी बोलत बोलत मागेच राहिले. बाबांचा नंबर आला. ते वळून वळून मला शोधत होते. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. शेवटी एकटेच दांड्याला टेकले आणि तिथल्या तिथे आडवे! लिफ्ट थांबली. रांग खो खो हसली.

"हा झेंडेवाला तुमच्यातला की काय गं?" मारितने डोळा मारला.

"छे! कुठला कोण जाणे!"

आणि हसलेही. रांगेपेक्षा मोठ्याने.

बाबा दोन हातांवर उठत होते. त्यांनी ऐकलं. झेंडा काढून खिशात घातला, अंगावरचा बर्फ झटकला आणि माझ्या समोरून निघून गेले, परका माणूस जावा तसे.

"आई, ते आजोबा आहेत," तुवा हळूच म्हणाली.

संध्याकाळी केक कापला. मोठा तुकडा बाबांनी मलाच दिला. माफी मागायला तोंड उघडलं आणि "कॉफी घेता?" एवढंच बाहेर पडलं. शी! कसली बाई मी!

मंगळवार, १३

"तुम्ही दोघी जा वरच्या उतारावर. मी आपला एकटाच बरा." बाबा चांगलं बोलतात — नेहमीपेक्षाही चांगलं. रागावले असते तर बरं झालं असतं. तुवा बोलतच नाही. उद्या सकाळी नक्की माफी मागायची.

बुधवार, १४

उठले तर बाबा केव्हाच बाहेर पडलेले. दुपार झाली तरी पत्ता नाही, फोन टेबलावरच. शोधत शोधत प्रथमोपचार केंद्रात गेलो. दारात मारित.

"अगं, एका डेन आजोबांचा गुडघा गेलाय. सकाळपासून पडून आहेत. घरच्यांना बोलावते म्हटलं, तर म्हणतात, कुणी नाही, एकटाच आलोय. बिचारे!"

"मारित, ते माझे सासरे आहेत." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

बाबांनी खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी मऊ. "बाई, तुमची काहीतरी गफलत होतेय. मी तुम्हाला ओळखत नाही."

मला सांभाळून घेत होते, की खरंच संपलं होतं? कळलं नाही.

तुवा धावत जाऊन त्यांना बिलगली. तिला मात्र त्यांनी ओळखलं.