ऐनाखालचं वारूळ

प्रिय मानसी,

परवा फोनवर तू मला 'काकू' म्हणालीस. शिलाई मशीन न्यायला टेम्पो कधी पाठवू, एवढंच विचारलंस आणि 'बरं काकू, ठेवते' म्हणून फोन ठेवलास. मी आपली फोन तसाच कानाला धरून ओट्यावर बसून राहिले. तुझी काही चूक नाही गं. वडगावला कोर्टात तुमच्या फारकतीचे कागद झाले, आता या बाईला आई म्हणायचं कुठल्या तोंडानं, असं तुला वाटलं असेल. पण काकू? काकू तर तू पोस्टातल्या बाईंनाही म्हणायचीस. मला ते लागलं, आणि लागलं म्हणून सांगते. मशीन तुझी आहे, केव्हाही ने. फक्त त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर मला नीट बोलता येत नाही, मी पाऊसपाणी आणि जेवणखाण यापुढे जातच नाही. अंगणवाडीत इतकी वर्षं पोरांना गोष्टी सांगितल्या, पण घरातल्या माणसाशी बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आधी इथली बातमी सांगते. विक्कीनं वरच्या माळावर कॉटेजं बांधायचं काढलंय. कार्ल्यात आता ज्याला त्याला तेच सुचतंय, शनिवार-रविवारी लोणावळ्यात माणूस मावत नाही, मग तो आपल्याकडे येतो. माझी त्याला ना नव्हती. पोरानं काहीतरी उभं करावं, असं मलाही वाटतं. पण चैत्रात त्यानं फक्की मारून जागा आखली आणि मी बघायला गेले, तर मधल्या कॉटेजच्या बरोबर पोटात आपलं ऐनाच्या झाडाखालचं वारूळ. तेच, ज्यावर तू औषध ओतलं होतंस. मी म्हटलं, वारूळ सोडून बांध. तो म्हणाला, का? आणि मला 'का'चं उत्तर देता येईना. उत्तर नव्हतं असं नाही, त्याला द्यायचं नव्हतं. म्हणून मग सुचेल ते बोलले, की तिथं नाग आहे. तर हसून म्हणतो, आई, आपण कधीपासून नागोबाला भ्यायला लागलो? सर्पमित्राला बोलावतो, घेऊन जाईल. त्याचंही खरं होतं. या घरात आजेसासऱ्यांनी धम्म घेतल्यापासून वारुळाला हळदकुंकू नाही की नागाला दूध नाही, आणि मला त्याची कधी खंतही वाटली नाही. मीच त्याला लहानपणी शिकवलं, की भीतीपोटी कशाला हात जोडायचे नाहीत. आता माझंच शिकवणं माझ्या आडवं आलं.

तुला तो औषधाचा दिवस आठवतो का? लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. स्वयंपाकघराच्या चौकटीला वाळवी लागली, ती बघता बघता तुझ्या बी.एस्सी.च्या पुस्तकांच्या खोक्यात शिरली. तुझा संताप मी पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. भिंतीवरच्या मातीच्या नळीचा माग काढत काढत तू अंगण ओलांडलंस, गोठा ओलांडलास, थेट माळावर ऐनापाशी पोचलीस. कामशेतहून औषध आणलंस, नाकाला ओढणी बांधलीस आणि बादलीच्या बादली वारुळात रिकामी केलीस. मग घामाघूम होऊन आलीस आणि म्हणालीस, आई, मूळच काढलं. मी 'बरं केलंस हो' म्हटलं, गोठ्यात गेले आणि म्हशीच्या आड उभी राहून रडले. ह्यांना वाटलं, माझं पित्त उसळलं. तुझे सासरे हनुमंतराव भला माणूस, त्यांनी मला आवळा-सुपारी आणून दिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तुला एका शब्दानं बोलता येत नव्हतं, कारण बोलले असते तर तू विचारलं असतंस, आई, एका वारुळाचं तुम्हाला एवढं काय?

आणि गंमत बघ, त्या वाळवीचं कौतुक मला पहिल्यांदा सांगितलंस तेही तूच. पुढच्या उन्हाळ्यात शेंगा फोडत बसलो होतो, तू मोबाइलवर व्हिडिओ लावलास आणि म्हणालीस, आई, हे बघा, ह्या तर शेती करतात! वाळका पाला, काटक्या, पडलेलं लाकूड आत न्यायचं, चावून त्याचा लगदा करायचा, त्याचं पोळ्यासारखं जाळीदार घर रचायचं आणि त्यावर बुरशी पिकवायची. ती बुरशी खायची, पोरांना भरवायची. आत गारवा राहावा म्हणून हवेला वाटा ठेवायच्या. डोळे नसलेली, ज्वारीच्या दाण्याएवढीही नसलेली कीड हे सगळं करते, म्हणालीस. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. आम्हाला वाटायचं, मावळात शेती करणारे आम्हीच. त्यांना युरिया लागत नाही, बी विकत आणावं लागत नाही, आणि बांधावरून भाऊबंदकी नाही! तू बोलत होतीस आणि तुझा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं, आताच सांगून टाकावं. पण दारात ह्यांची चप्पल वाजली आणि राहिलं.

तू मला आतलं दाखवलंस, तर आता बाहेरचं माझ्याकडून ऐक. मी त्या वारुळाकडे इतकी वर्षं बघत आलेय. वैशाखात सगळा माळ करपतो, पण त्या ऐनाच्या बुडाशी गवताचं एक हिरवं कडं राहतं. शेळ्या सोडल्या की पहिल्या तिथं पळतात, त्यांना कुणी सांगावं लागत नाही. वाळवीनं खालची माती वर आणलेली असते, तिच्या बिळांतून पाणी आत मुरतं, म्हणून तो ऐन बाकीच्या ऐनांपेक्षा दांडगा. माझ्या सासूबाई, सावित्राबाई, भाताच्या राबाला तिथली पाटीभर माती टाकायच्याच. त्या वाफ्यातलं रोप लांबूनही ओळखू यायचं. पाऊस संपता संपता घोरपड येते, वारूळ उकरून आत अंडी घालते आणि निघून जाते. भोक बुजवायचं काम वाळवीचं. पाहुणीची अंडी आत, वरून ह्या लिंपून घेणार, जणू माहेरवाशीणच आली आहे! एकदा तिन्हीसांजेला मी खवले मांजर पाहिलं. नखांनी एवढं भगदाड पाडलं, लांब जीभ घालून पोटभर खाल्लं आणि गेलं. सगळं नाही खाल्लं गं, पोट भरल्यावर गेलं. त्या भगदाडात मग मुंगसानं संसार थाटला. पावसाळ्याच्या तोंडावर पंखवाल्या वाळव्या धुरासारख्या बाहेर पडतात, तेव्हा तर जत्रा असते. कोतवाल, वेडे राघू, बेडूक, पाली, आपल्या कोंबड्या, सगळ्या पंगती एकाच वेळी. त्यातूनही चार उरतात आणि कुठेतरी नवा संसार मांडतात. नागही राहतोच, आयत्या बिळावर नागोबा. घर बांधायचं वाळवीनं, आणि हळदकुंकू नागाला, औषध वाळवीला! न्याय म्हणजे काय, तर हा.

आणि तुझी पुस्तकं खाल्ली म्हणशील, तर तिला काय ठाऊक ही चौकट आहे की पडलेला साग? रानात पडलेलं प्रत्येक लाकूड, प्रत्येक पान तीच तर मातीला परत देते. ती नसती तर ह्या डोंगरावर पाचोळ्याचे ढीग साचले असते आणि खाली नुसता खडक राहिला असता. तिनं आपलं काम केलं, फक्त ते आपल्या घरात येऊन केलं.

आता तुझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते. श्रावणातली अळंब्यांची भाजी. कांदा, खोबरं, जरासं तिखट, तू ताट चाटूनपुसून खायचीस आणि विचारायचीस, आई, ही मिळतात कुठे? मी म्हणायचे, रानात. तू म्हणायचीस, मलाही न्या. एकदा तर गुपचूप मागे आलीस, पण मी ओढ्याकडून असा वळसा घेतला की तू चिखलात चप्पल हरवून परतलीस. आता तुला हसू येत असेल, नाहीतर राग. ती अळंबी वाळवीच्या त्याच शेतातली. खालचं पीक फुलावर आलं की ती वारुळातून वर येतात, वर्षातून एकदा, थोडेच दिवस, त्याच जागी. म्हणून मी म्हशीआड रडले. तू औषध ओतलंस त्या श्रावणात तिथं एक अळंबं आलं नाही. भाजी झाली नाही तेव्हा तूच म्हणालीस, यंदा पाऊस कमी ना, म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी मनातून ती जागा पुसून टाकली होती. पण राणी खूप खोल असते, तुझं औषध तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिसऱ्या श्रावणात सहज गेले, तर ऐनाच्या पलीकडच्या अंगाला, जुन्या जागेपासून हाताच्या अंतरावर, पांढरीशुभ्र टोपी घालून सगळी उभी. एवढ्याशा किड्यांनी अंधारात, आमच्यावर रुसून न बसता, पुन्हा शेत धरलं होतं. त्या दिवशी मी भाजी केली आणि तू म्हणालीस, आई, ह्या वेळी तुमच्या हाताला वेगळीच चव आहे.

तर सांगत होते कॉटेजचं. विक्की ऐकेना, माती उकरायला जेसीबी दुसऱ्या दिवशी यायचं ठरलं. मी शेवटी वरच्या वाडीवर कस्तुराबाईकडे गेले. दर नागपंचमीला त्यांच्या बायका आपल्या वारुळाला येतात, तुला माहीत आहे. मी म्हटलं, कस्तुराबाई, औंदा पंचमी जरा अलीकडं घेता येईल का, म्हणजे उद्याच? वैशाखात! तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. का म्हणून विचारलं नाही. मला वाटतं, डोंगरात तिचीही अळंब्यांची एक जागा असणार. एवढंच म्हणाली, 'येतो की. नागाला काय पंचांग वाचता येतंय व्हय?' सकाळी मशीन यायच्या आत वाडीतल्या बायका हजर. वारूळ हळदकुंकवानं माखलं, लाह्या उधळल्या, फेर धरला. मी लांब उभी होते, हात जोडले नाहीत, पण डोळे भरून आले. मग मशीनवाला आकाश आला, परंदवडीचा पोरगा. त्यानं ते पाहिलं आणि चावीच काढून घेतली. म्हणाला, 'मावशी, आपन हितं न्हाई बकेट घालायचो. भाऊला सांगा, दुसरीकडं लय जागा हाय.' विक्की तणतणला, माझ्याकडे संशयानं बघत राहिला, आणि दुपारपर्यंत फक्की रस्त्याच्या अंगाला सरकली. मधलं कॉटेज आता ऐनापासून लांब आहे. वारूळ वाचलं, पोरी. पण ते यंदापुरतं. मी काही जन्माला पुरणार नाही. ते कशासाठी वाचवायचं, हे ठाऊक असलेलं एक तरी माणूस माझ्यामागे हवं.

म्हणून हे पत्र. आपल्या घरात अळंब्यांची जागा नवऱ्याला सांगत नाहीत, मुलाला सांगत नाहीत, पुरुषांच्या पोटात राहत नाही, संध्याकाळपर्यंत पारावर जाते. लेकीलाही नाही, ती दुसऱ्या घरची होते. जागा सुनेची. मला सावित्राबाईंनी हाताला धरून नेलं, पहिलं अळंबं माझ्या हातानं काढायला लावलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'शालन, जागा एकदाच देता येती. मानूस बघून दे.' मी माणूस कधीच बघून ठेवलं होतं. यंदाच्या श्रावणात तुला न्यायचं ठरवलं होतं, आणि तू दिवाळीतच गेलीस. तुमचं दोघांचं का फिसकटलं, ते मी विचारणार नाही. विक्की माझा आहे, वाईट नाही, पण त्याला दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही, हे मलाही दिसतं. उद्या तो दुसरं लग्न करील, करावंही. येईल त्या पोरीला मी घर देईन, भांडी देईन, जीवही लावीन. जागा मात्र देता येणार नाही, ती देऊन झाली असेल. श्रावणात मी फोन करीन. घोरावाडीहून सकाळच्या लोकलनं ये, मळवलीला उतर, रस्त्यानं नको, ओढ्याकडून ये. जुनी चप्पल घाल. सगळी काढायची नसतात, उमललेली राहू द्यायची, आणि रानात दुसरीकडे दिसेल ते पांढरं उचलायचं नाही, हे मी तिथं दाखवीनच. पहिलं तू काढायचंस, मी मागे उभी राहीन. मला हाक काय मारायची, ते मात्र तू ठरव.

तुझीच,
आई