खालच्या मळ्यातलं पाणी

आये, तुझी नात खालच्या मळ्यात घर बांधायचं म्हणते आहे. परवा तिने फोनवर विचारलं, "आई, ती जमीन कशी आहे गं?" एवढंच. साधा प्रश्न. मी म्हटलं, दूध उतू जातंय, नंतर बोलते, आणि फोन ठेवला. दूधबिध काही नव्हतं गॅसवर. तेव्हापासून दोन दिवस मी तिला टाळते आहे आणि मनातल्या मनात तुझ्याशी बोलते आहे, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या मातीबद्दल दुसऱ्या कुणाला विचारणार? मी आता तिसऱ्या मजल्यावर राहते, आये. तरी पावसाळ्यात जाग आली की पाय खाली टाकायच्या आधी लादीला तळहात लावून बघते, ओल आली का म्हणून. तुझा जावई हसतो मला. हसू दे.

बाबा गेले आणि वाटण्या झाल्या, तेव्हा आपल्या वाट्याला आला तो आरोंद्याच्या खाडीकडचा मळा आणि त्याच्या कडेला बाबांनी जोतं घालून उभं केलेलं दोन खणांचं घर. वरच्या कातळाच्या सड्यावरच्या मोठ्या घरातून काका उतरून आले. ओट्यावर बसले. तू दाराआड. थोरल्या दिरासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, ही तुमची रीत, त्यामुळे मधल्या मधे माझी फरफट. काका मला म्हणायचे, "तुज्या आवशीक सांग, पोरीक घेवन चिखलात कित्याक रवतां? आमच्या घरात दोन माणसा जड नाय." तू दाराआडून म्हणायचीस, "सांग काकांक, मी हयच माड लायतलंय." दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू यायचं, तरी मी मान वळवून वळवून निरोप पोचवत होते. शेवटी काका म्हणाले, तीन पावसाळे बघू, माड धरले तर राहा, नाहीतर गुमान वर या. ते वाईट नव्हते गं. पण वर गेलो की तू जन्मभर मागच्या पडवीत भांडी घासणार आणि माझी शाळा सुटणार, हे मला कुणी न सांगता कळत होतं. सातआठ वर्षांच्या पोरीला नको ते बरोब्बर कळतं.

आणि जमीन तर अशी लबाड! वरचा वीतभर पोयटा काय देखणा होता. तू मूठभर उचलून दाबायचीस, लाडू वळायचा, आणि अंगठ्याने जरा ढकललं की मोडून पडायचा. बघणाऱ्याला वाटावं, सोन्यासारखी माती. खाली खणलं की रंग जायचा. राखेसारखी माती लागायची, तिच्यात जुन्या मुळांच्या वाटांनी उतरलेल्या गंजाच्या तांबड्या रेघा. त्याच्याही खाली चिकण, इतकी घट्ट की कुदळ मारली तर सोडवून घ्यावी लागे. पावसाचं पाणी तिच्यावर येऊन जे बसायचं ते हलायचं नाव घेत नसे. दिवाळीचे दिवे लावायला अंगणात उतरलो तरी पायाखाली पच्‌पच्. तीच जमीन शिमग्यापर्यंत तडकायची, भेगांत माझी बोटं जायची, आणि वर मिठाचा पांढरा फुलोरा यायचा. पलीकडच्या काठावर तेव्हा गोवा पोर्तुगीजांचा होता, त्यांचे शिपाई दिसत, शाळेतल्या पोरी त्यांना घाबरायच्या. मला त्यांचं काही वाटत नसे. मी बघायची ती आपल्या जोत्याच्या दगडावरची ओलीची रेघ, काल होती तिथेच आहे की वर सरकली.

मीठ, आये. ते मीठ आठवलं की अजून तोंड खारट होतं माझं. तू शिरोड्याची. तुझ्या माहेरी माड लावायचा म्हणजे खड्ड्यात आधी ओंजळभर खडे मीठ घालायचं, मग कोंब आलेला नारळ ठेवायचा, हे तुम्हा लोकांच्या हाडात. मामा गाडीवानाबरोबर मिठागरातलं गोणभर मीठ पाठवून मोकळा झाला, वर रोपंही. केवढी खूश होतीस तू त्या दिवशी! पदर खोचून प्रत्येक खड्ड्यात मीठ घालत होतीस आणि गुणगुणत होतीस. मी तुला बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं. शिरोड्याच्या रेतीत ते मीठ पहिल्या चार सरींत विरघळून खाली निघून जातं. आपल्या मळ्यात काहीच खाली जात नव्हतं. खड्डे भरले, तसेच भरलेले राहिले, आणि रोपं त्या खारवणात उभी. गौरी-गणपती झाले तोवर पानं कडेने करपली. मी शाळेत निघताना एकेका रोपाला हात लावून जायची आणि आल्यावर पुन्हा लावायची, जसं काही तेवढ्या वेळात ते मन बदलणार होतं.

एक दिवस तू खड्ड्यात बोट बुडवून चाटलंस. मी समोर उभी होते. तुझा चेहरा बघून मी रडायला लागले, तशी तू खेकसलीस, "रडतस कित्याक गो? पाण्याक वाट नाय, म्हणान ता रवलासा. वाट करूया." जगलेली रोपं उपटलीस. वरचा पोयटा ओढून ओढून गुडघाभर उंचवटे केलेस आणि रोपं त्यांच्या माथ्यावर लावलीस, मीठ न घालता. मग दोन रांगांच्या मधून चर खणत खाडीच्या बांधापर्यंत नेलास, बांधाला भोक पाडून फळी बसवलीस. ओहोटीला फळी वर, भरतीला खाली. एक भरती चुकली असती तर खाडी आत आली असती, म्हणून तुझं निम्मं लक्ष चुलीवर आणि निम्मं पाण्यावर. वरण करपलं की मला कळायचं, भरती लागली. आपण किती करपलेलं वरण खाल्लं गं त्या दिवसांत.

तिसरा पावसाळा ओसरला आणि काका आले. चिखलातून काठी टेकत मळाभर फिरले. निम्मी जागा रिकामी, उरलेल्यांतले काही माड हिरवे, काही अजून पिवळटच. ओट्यावर बसून त्यांनी पाय पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग तुज्या आवशीक..." मी दाराकडे मान वळवली तर तू दारात नव्हतीस. तू बाहेर आली होतीस. डोक्यावर पदर, हातात तांब्या, आणि थेट त्यांच्यासमोर उभी. "निम्मे मेले," तू म्हणालीस. "मीठ मीच घातलंय, ती माजी चूक. आता पाण्याक वाट केलंय. मी येवचंय नाय." तुला काकांशी थेट बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही. त्यांनी तांब्या घेतला, पाणी प्यायले, आणि तुझ्याकडे न बघता, मला नव्हे, तुलाच म्हणाले, "चर उथळ आसा. उद्या गडी धाडतंय." आणि गेले.

हे सगळं मी तुझ्या नातीला कितीदा सांगितलंय. आजी कशी वाघीण होती, कशी घाबरली नाही. म्हणून तर ती तिथे घर बांधायला निघाली आहे, आये. तिचा इंजिनियर म्हणतो निचरा नाही, जांभा दगड भरून घ्यावा लागेल, आणि ती त्याला म्हणते, आमच्या आजीने निभावलं.

एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. त्या दिवशी तू बाहेर ओट्यावर "मी येवचंय नाय" म्हणत होतीस तेव्हा मी दाराशी उभी होते, आणि दारामागे बोचकं होतं. तुझी दोन लुगडी, माझे परकर, बाबांचा फोटो. सकाळीच बांधून ठेवलेलं. काका हट्टाला पेटले असते तर तू ते उचलून चालायला लागली असतीस. मला ठाऊक होतं, कारण सकाळी तू विहिरीवर गेलीस तेव्हा मी माझी पाटी त्यात खुपसली होती. माझाही तुझ्या माडांवर विश्वास नव्हता गं. संध्याकाळी तू बोचकं सोडलंस, पाटी निघाली. ती पदराने पुसून माझ्या हातात दिलीस आणि चुलीकडे वळलीस. त्यावर तू कधी बोलली नाहीस, मीही नाही.

आता फोन वाजतोय. तिचाच असणार. जमीन कशी आहे ते मला पाठ आहे, आये, पण तिला आधी बोचक्याचं सांगायला हवं, आणि मला अजून धीर होत नाही.